न लागलेला हात

पावणेपाच वाजले की आमच्या दीपनगरच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या कॉलनीच्या, बाजारातली पिठाची गिरणी बंद व्हायची. भुवयांपर्यंत पांढरी झालेली एक बाई साडीचा काष्टा मारून, गळ्यात शिट्टी अडकवून मैदानाकडे तरातरा निघायची. वाटेत कुणी डबा घेऊन आडवं आलं तरी थांबायची नाही.

"अक्का, एवढी चार किलो ज्वारी तेवढी..."

"उद्या."

"अहो, घरी पाहुणे आलेत!"

"मंग भात रांध वं."

भात रांधायचा सल्ला देऊन बाई पुढे! पंधरा-सोळा वर्षं झाली त्याला, पण ती चाल आठवली की आजही माझे पाय शिवशिवतात. समोर जळगावच्या ऑफिसातलं टेबल असतं, पायात चपला असतात, आणि मला वाटतं की आता शिट्टी वाजणार आणि आपल्याला मैदानाला पाच चकरा मारायच्या आहेत.

आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. त्यांचं माहेर धुळे जिल्ह्यात, शिरपूरच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याचं. नवरा वीजकेंद्रात पाळीवर कामाला, म्हणून त्या इकडे आल्या. कॉलनीत सगळ्या महाराष्ट्राची माणसं, प्रत्येकाची बोली हळूहळू घासून गुळगुळीत झालेली, पण अक्कांची अहिराणी वीस वर्षांत तसूभर हलली नाही. साहेबांच्या बायकांशीही त्या अहिराणीतच बोलायच्या. समोरच्या बाईला कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या, फक्त मोठ्याने.

गिरणीची एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल. एक धान्य संपून दुसरं टाकलं की आधीच्या पिठाची मूठभर खरड नव्या डब्यात उतरते. हे सगळ्या गिरणीवाल्यांना ठाऊक असतं आणि सगळे गप्प असतात. अक्का मध्ये स्वतःचे मूठभर गहू टाकून ती खरड काढून घ्यायच्या. पण माणूसच, कधी विसरायच्या. एकदा एका साहेबांच्या बाईंच्या गव्हात आधीच्या डब्यातली दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, उतरली. बाई डबा घेऊन निघाल्यासुद्धा होत्या. अक्का त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत धावल्या.

"ताई, तुमना गहूमा मूठभर दादर गयी!"

बाई वैतागल्या. "अहो, सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं!"

"म्हनीसन ते सांगं!" अक्का ओरडल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद की जणू एखादं कोडं सुटलं.

म्हणूनच तर सांगितलं! मी डबा हातात धरून तिथेच उभी होते, आठवीत होते, आणि मला ते वाक्य काही केल्या समजेना. जे कळणार नाही ते कशाला सांगायचं? आमच्या घरी तर उलट रीत होती. जे कळणार आहे तेवढंच सांगायचं.

पुढे भुसावळच्या एका हॉटेलवाल्याने अक्कांना रोजच्या दळणाचं मोठं काम देऊ केलं. त्याची अट एकच होती, रात्रीच्या पोळ्यांना ताजं पीठ हवं म्हणून दळण संध्याकाळी पाच ते सात व्हायला हवं. अक्कांनी त्याला चहा पाजला आणि हात जोडले. त्याला वाटलं बाई ताणून धरतेय. त्याने भाव आणखी चढवला. तेव्हा अक्का म्हणाल्या, "भाऊ, दिनभर मी लोकेस्नी. पाच वाजता मी मनी." दिवसभर मी लोकांची, पाच वाजता मी माझी. हॉटेलवाल्याला काही ते पचलं नाही. माझ्या आईलाही नाही. ती म्हणाली, "लक्ष्मी टिळा लावायला आली आणि ही बाई कबड्डी खेळायला गेली!"

तर कबड्डी. मुलींची कबड्डी! माहेरी असताना अक्का म्हणे अशा चढाया करायच्या की शेजारच्या दोन गावांत त्यांच्याशी खेळायला मुली तयार होत नसत. लग्नानंतर तो खेळ सुटला. मग कॉलनीतल्या मुली जमवून त्यांनी तो परत सुरू केला. मैदान कसलं, धुराड्यांची राख बसून बसून करडी झालेली एक मोकळी जागा. घरी गेल्यावर आम्ही हातपाय धुवायचो तेव्हा मोरीत पाटीभर राख निघायची असं आई म्हणायची. थोडीच वाढवून म्हणायची.

संघात घेताना अक्का उंची बघत नसत, धावायला लावत नसत. त्या एकच प्रश्न विचारायच्या, मेलीस तरी तू काय करणार नाहीस? पहिल्याच दिवशी एक मुलगी म्हणाली, "मी कारल्याची भाजी खाणार नाही." अक्का खूश. "खरं शे! ये." दुसरी म्हणाली, "मी भावाचे बूट पुसणार नाही." अक्कांनी टाळी दिली. माझी पाळी आली तेव्हा मी पाठ ताठ केली आणि म्हणाले, "मी कधीही खोटं बोलणार नाही."

अक्कांनी भुवया वर केल्या. "हाई कोनता पुस्तकमा व्हतं?"

सगळ्या पोरी खो खो हसल्या. माझं तोंड टोमॅटो झालं. पण घेतलं मला. "तरी ये. देखूत," म्हणाल्या.

गेल्याच महिन्यात आमच्या ऑफिसात मुलाखती होत्या, आणि एक उमेदवार छातीवर हात ठेवून म्हणाला, "प्रामाणिकपणा हीच माझी सर्वांत मोठी ताकद आहे." मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला म्हणून बरं, नाहीतर माझ्या तोंडून अक्कांचा तो पुस्तकाचा प्रश्न निसटलाच असता.

अक्कांच्या मैदानावर पंच नसायचा. चढाई करणाऱ्या मुलीचा हात जिला लागला तिने स्वतःच हात वर करायचा आणि बाहेर जायचं. सुरुवातीला नुसती धुमश्चक्री! लागला, नाही लागला, वेण्या ओढणं, शपथा. अक्का बाजूच्या दगडी रोलरवर बसून शेंगा फोडत राहायच्या. कुणी निवाडा मागायला गेलं की म्हणायच्या, "पंचाले दोनच डोया शेतस. तुनं आंग तुले बठ्ठं सांगस." पंचाला दोनच डोळे असतात, तुझं अंग तुला सगळं सांगतं. आठवड्याभरात भांडणं थकली आणि हात वर यायला लागले. जो हात वर येई त्याला अक्कांची शाब्बासकी मिळायची. ती शाब्बासकी पार रेल्वे फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढी खणखणीत असायची.

आता माझी गोष्ट कबूल करते. मी खेळात बेताचीच होते. चढाईला गेले की माझा दम सीमारेषा ओलांडायच्या आधीच संपायचा. पकडीला गेले की मीच खाली आणि समोरची वर. मग मला शाब्बासकी मिळणार कशाची? एकदा हात लागला, मी इमानदारीत वर केला आणि "शाब्बास!" ऐकलं. अंगावर असा शहारा आला! पुढे एकदा हात लागला की नुसता वारा लागला ते कळलं नाही, तरी मी हात वर केला. शाब्बास! मग एकदा नक्की लागला नव्हता. कुणाचं काय गेलं? सरावच होता. हळूहळू दिवसाआड माझा एक तरी न लागलेला हात वर जायला लागला, आणि कॉलनीत माझी कीर्ती झाली की पोरगी कच्ची आहे पण खरी आहे.

आमची कप्तान शीतल. फाटकापलीकडच्या गावातून सायकलवर यायची. बचावाला आम्ही दोघी हातात हात धरून साखळी करायचो. चढाईवाली माझ्या दिशेने झेपावली की शीतलने मला मागे खेचायचं. "तू काहून घाबरते? तू फक्त पाय मोकळे ठेव, ओढायचं मी बघते," ती म्हणायची, आणि खरंच बघायची. तिच्या हाताला जणू डोळे होते.

शीतलच्या वडिलांना, आबांना, पोरीचा खेळ फारसा पसंत नव्हता. गावात चार तोंडं चार गोष्टी बोलत. त्यांनी एक मुदत घातली होती. बोदवडला मुलींचे सामने होते आणि जिंकणाऱ्या संघाला धुळ्याला महिनाभराचं शिबिर मिळणार होतं. जिंकलीस तर जा धुळ्याला, मी कुणाचं ऐकणार नाही. हरलीस तर पुढचं पुढे बघू. आणि "पुढचं पुढे बघू" म्हणजे काय ते आमच्या भागातल्या कुठल्याही मुलीला समजावून सांगावं लागत नाही.

बोदवडला आम्ही भुसावळहून पॅसेंजरने गेलो. अक्कांच्या पिशवीत दशम्या, ठेचा आणि कांदे. डब्यात आम्ही एवढा आरडाओरडा केला की एक आजोबा उठून दुसऱ्या डब्यात गेले. आणि मग आम्ही जिंकतच गेलो! पहिला सामना, दुसरा, उपांत्य. शीतल वाघीण झाली होती. अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला दोन्ही संघांचे गुण सारखे. बरोबरी राहिली तर ज्यांनी पहिला गुण घेतला ते विजयी, असा तिथला नियम, आणि पहिला गुण आमचा होता. म्हणजे समोरची मुलगी रिकाम्या हाताने परत गेली की धुळे आमचं!

ती आली. उंच, लांब हातांची. डावीकडे हूल दिली आणि झपकन माझ्यावर झेपावली. त्याच क्षणी शीतलने मला असं खेचलं की माझा खांदा निखळतो की काय! त्या मुलीची बोटं माझ्या कमरेसमोरून गेली. ती माघारी वळली, रेषा ओलांडली, पंचांनी दोन्ही हात हलवून गुण नाही अशी खूण केली. आमच्या पोरी उड्या मारायला लागल्या. शीतल किंचाळत होती.

आणि माझी नजर मैदानाच्या दोरीपलीकडे उभ्या अक्कांवर गेली. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

माझा हात वर गेला.

मी विचार केला असं म्हणणार नाही. हात गेला. पंच जवळ आले. "लागला?" मी मान डोलावली. आणि मग टाळ्या! समोरच्या संघाच्या, गावातल्या माणसांच्या, पाहुण्यांच्या. गुण त्यांना मिळाला. आम्ही हरलो. पाहुण्यांनी भाषणात माझ्यावरच पाच मिनिटं घालवली, असा खेळाडू आजच्या काळात दिसत नाही म्हणाले, आणि मला स्टीलचा एक मोठा जग बक्षीस दिला. मी तो छातीशी धरला. खोटं कशाला सांगू, मला फार फार आनंद झाला होता.

परतीच्या गाडीत शीतल खिडकीशी बसली होती. उजव्या हाताचा तळवा मांडीवर पालथा-उलथा करून बघत होती. मी म्हणाले, "रागावलीस?" ती म्हणाली, "तुझं काय चुकलं? तू तर खरं बोलली." एवढंच बोलली आणि पुन्हा तळव्याकडे बघायला लागली.

अक्का मात्र अख्ख्या प्रवासात दारापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

पुढचे दोन दिवस मी जमिनीवर नव्हते. शाळेत प्रार्थनेच्या वेळी माझं नाव घेतलं. पप्पांनी जग पुसून टीव्हीवर ठेवला, येणाऱ्या प्रत्येकाला आधी जग दाखवायचे आणि मग मला. तिसऱ्या दिवशी अक्कांचा निरोप आला, गिरणीत ये. मी केस विंचरून, चांगला ड्रेस घालून गेले. शाब्बासकी उशिरा का होईना येणार, अशी माझी खात्री होती.

गिरणी बंद होती. अक्का पोत्यावर बसल्या होत्या. "तुले हात लागना व्हता का?"

"अं?"

"सोपं शे. लागना व्हता का नही?"

"नाही," मी म्हणाले.

"माले माहीत शे. मी देखं. वीतभर दूर व्हता." त्या उठल्या. एवढं चिडलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं, वेण्या ओढणाऱ्या पोरींवरही नाही. "मंग खोटं काबरं बोलनी? मनाकरता?"

त्यांच्याचकरता तर! मी रडायला लागले. रडत रडत सगळं सांगितलं. सरावातले न लागलेले हात, शाब्बासकी, शहारा, सगळं. शेवटी मी उलट विचारलं, कारण अंगावर आलं की मी उलट विचारतेच. "तुम्ही बघितलं होतं, तर तिथेच का नाही बोललात?"

अक्का एकदम खाली बसल्या. "दोरीना बाहेरन्यानी बोलानं नही, हाऊ मनाच नियम. आते तोच माले टोची राह्यना." मग त्या पायाने जमिनीवरचं पीठ सारायला लागल्या. "चूक मनी बी शे, पोरी. शाब्बास मीच भलत्या जागे दिधी."

मोठं माणूस लहान मुलीसमोर चूक कबूल करतं हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं. माझं रडणं जागच्या जागी थांबलं. मी विचारलं, "आता मी काय करू?"

"माले नको इचारू," अक्का म्हणाल्या. "माले इचारी इचारी ते हाई व्हयनं."

मला विचारून विचारूनच तर हे झालं! मी बाहेर आले. तिथे कोणी बघणारं नव्हतं, शाब्बास म्हणणारं नव्हतं, आणि खरं सांगते, मला वाटलं घरी जावं. जग होता, नाव होतं, सामना तर काही परत होणार नव्हता. मी घराच्या दिशेने वळलेही. पण डोळ्यांसमोर शीतलचा तो पालथा-उलथा होणारा तळवा यायला लागला, आणि तो काही केल्या जाईना. ती तळव्याकडे का बघत होती? चौकात मी एकदम थांबले. मला कळलं ती का बघत होती. मग मी घरी जाऊन सायकल काढली आणि फाटकाकडे अशी सुटले की चांगल्या ड्रेसची ओढणी चाकात जाता जाता वाचली.

शीतल अंगणात तुरीच्या शेंगा तोडत बसली होती. आबा बाजेची दोरी आवळत होते. मी धापा टाकत म्हणाले, "शीतल, मला हात लागला नव्हता."

तिने शेंग खाली ठेवली. "काय?"

"नव्हता लागला. मी उगीच वर केला. अक्कांनी शाब्बास म्हणावं म्हणून."

ती उठली, माझ्यासमोर आली आणि अशी एक थोबाडीत दिली की माझ्या कानात गिरणी सुरू झाली. आबा दोरी टाकून उभे राहिले. मी गाल धरून उभी. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मी बरोबर ओढलं होतं?"

"बरोबर ओढलं होतंस. म्हणून तर लागला नाही."

"वेळेवर?"

"अगदी वेळेवर. वीतभर राहिला."

"आबा!" ती अशी ओरडली की शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली. "आबा, मी वेळेवर ओढलं होतं! माझ्यामुळे नाही गेली मॅच!" आणि शेंगांच्या ढिगावर नाचायला लागली, एका हाताने डोळे पुसत, दुसरा हात वर करून जो भेटेल त्याला दाखवत. तीन दिवस ती त्या हाताला दोष देत होती, आणि तीन दिवस माझ्या घरी टीव्हीवर जग चमकत होता. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती, आणि तिला नाचताना पाहून एवढा आनंदही कधी झाला नव्हता. दोन्ही एकदम होऊ शकतं हे त्या दिवशी कळलं.

आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "मी तिला काई बोललोच नव्हतो, बरं का. बूट तिनंच माळ्यावर फेकले. म्हणे मला खेळता येत नाही. आता तिनंच चढून काढावे." वाक्य पुरं व्हायच्या आत शीतल शिडीवर होती.

धुळ्याचं शिबिर गेलं ते गेलंच. त्यासाठी शीतलने मला पुरतं माफ केलं की नाही ते मी आजवर विचारलेलं नाही. पण ती त्यानंतर चार वर्षं खेळली, आणि आता स्वतः यावलकडे एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. जग मी त्याच संध्याकाळी पप्पांना सांगून टीव्हीवरून काढायला लावला. काय सांगितलं ते त्यांना नीट कळलं नाही, पण माझा गाल बघून त्यांनी जास्त विचारलं नाही.

मात्र घरी जायच्या आधी मी गिरणीवर गेले होते. निरोप द्यायला नाही, सायकल आपोआप तिकडे वळली. अक्का कुलूप लावत होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. गालावर चार बोटं लालभडक उठलेली होती.

"कितल्या बसन्यात?"

"एक."

"कमीच शे," अक्का म्हणाल्या, आणि आपल्या पिठाच्या हाताने माझा तोच गाल इतक्या जोरात थोपटला की ती दुसरी बसली असंच मी आजवर धरून चालते.